वृत्ती आणि वकिली

मराठीतला ‘वृत्ती’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याचा एक अर्थ उपजीविकेचे साधन आणि दुसरा मनाचा कल. गावच्या जोशाची वृत्ती म्हणजे त्याला यजमानांकडून मिळणारे धान्य, दक्षिणा आणि मान. आणि एखादे गृहस्थ उदास वृत्तीचे आहेत असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या प्राप्तीविषयी आपण काहीच बोलत नसतो. पोट आणि मन या दोन निराळ्या प्रांतांवर एकाच शब्दाचा अंमल चालावा, याचे तो शब्द रुळविणाऱ्यांना नवल वाटले नसावे. त्यांच्या समाजात मनुष्य कोणते काम करणार हे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले असे. कुलकर्ण्याच्या मुलाने बोरू हाती घ्यावा, सुताराच्या मुलाने वाकस घ्यावा, हा क्रम होता. मन त्या कामात लागते की नाही हे विचारण्याची कोणास गरज भासत नसे. आणि कोणी विचारलेच असते, तर उत्तर ऐकून घेण्याची सोयही नव्हती. वतनासाठी माणसे पिढ्यानुपिढ्या भांडली, गोतसभेपुढे उभी राहिली, प्रसंगी दिव्य करावयासही तयार झाली. परंतु ‘या कामात माझे चित्त रमत नाही, सबब वतन सोडीत आहे’ अशा मजकुराचा कागद जुन्या दप्तरांत निदान माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

पुढे इंग्रजी अमदानी आली. १८५७ साली मुंबईचे विश्वविद्यालय स्थापन झाले, १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय उभे राहिले, आणि जन्माने ठरलेल्या वृत्तीच्या जागी पदवीने मिळणारी नोकरी किंवा वकिली आली. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी’ असे म्हणणाऱ्या समाजाने जे कनिष्ठ तेच डोक्यावर घेतले. त्यात त्याची चूक झाली असे मी म्हणणार नाही. ज्या चुलीत धूर निघतो तिच्याकडे माणसे जावयाचीच. पण या नव्या व्यवस्थेबरोबर एक नवे दुःखही आले. पूर्वी निवड नव्हती, म्हणून निवड चुकल्याची खंतही नव्हती. आता विशीतला तरुण वडिलांच्या इच्छेने, परीक्षेतील गुणांच्या बळावर किंवा नुसत्या शेजाऱ्याच्या देखादेखीने एक वाट धरतो, आणि त्याच्या मनाचा खरा कल त्याला कळतो तो पुष्कळदा चाळिशीत. आपल्या भाषेत चाळिशी म्हणजे चष्माही. जवळचे अंधुक आणि दूरचे स्पष्ट दिसू लागते ते या वयात, आणि मला वाटते, ही गोष्ट केवळ डोळ्यांपुरती खरी नसावी.

सरकारी कचेरीत या वयाच्या माणसांची एक ठराविक भाषा असते. सेवानिवृत्तीला किती वर्षे उरली याचा हिशेब त्यांना जिभेवर असतो. काम करतो म्हणण्याऐवजी ‘पाट्या टाकतो’ म्हणण्याची रीत असते. आणि दुपारच्या चहाच्या वेळी प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक राहून गेलेली गोष्ट बाहेर पडते. कोणाला शेती करावयाची होती, कोणाला चित्रे काढावयाची होती. या चहाच्या मंडळात मीही बसतो. त्या बैठकीत हटकून निघणारे एक नाव म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. ते बेळगावास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते आणि १८८० साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यांचे नाव निघाले की सर्वांचे चेहरे उजळतात, आणि घड्याळात अडीच वाजले की सर्व जण आपापल्या फायलींकडे वळतात.

आज मला ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते मात्र कचेरीतले नव्हेत, कोर्टातले. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली एल्‌एल. बी. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास करणाऱ्याला आज त्यांचे नाव वगळून एक पाऊलही टाकता येत नाही. यमन कल्याण थाटातला, भीमपलास काफी थाटातला, असे जे आपण सहज बोलतो ते त्यांनी ठरविलेल्या दहा थाटांच्या हिशेबाने. पण त्यांच्या मोठेपणाचे वर्णन करण्याचा माझा हेतू नाही. ते काम जाणकारांनी पुष्कळ केले आहे. मला कुतूहल आहे ते एका लहानशा प्रश्नाचे. चाळीस वर्षांच्या वकिलाचा संगीतशास्त्रकार होतो तेव्हा त्या वकिलाचे पुढे काय होते?

संगीताची ओढ त्यांना लहानपणापासून होती. विद्यार्थिदशेत त्यांनी सतार शिकून घेतली होती आणि १८८४ च्या सुमारास मुंबईच्या पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते जाऊ लागले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे आणि अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी शेकड्यांनी मिळविले. म्हणजे पंधरा-वीस वर्षे दिवसा कोर्ट आणि सायंकाळी गाणे असा त्यांचा क्रम होता. हा क्रम तसाच चालू राहिला असता तर मुंबईतील एक रसिक वकील म्हणून त्यांचे नाव एखाद्या स्मरणिकेत उरले असते. पण १९०० साली त्यांची पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगी गेली. ज्यांच्यासाठी वकिली करावयाची ती माणसे घरात उरली नाहीत. १९०४ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले आणि तेथून पुढे वकिली मागे मागे पडत जाऊन अखेर सुटली.

चरित्रकार येथे ‘आघातामुळे ते संगीताकडे वळले’ असे लिहितात. हे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. आघात अनेकांवर होतात. त्यातले बहुतेक दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कामावर रुजू होतात, कारण त्यांना घरी पोसावयाची माणसे असतात. भातखंड्यांच्या बाबतीत दुःखाने त्यांना मोकळेही केले, हे कठोर वाटले तरी म्हणावयास हवे. मध्यम वयात व्यवसाय बदलणाऱ्याच्या धैर्याचे आपण कौतुक करतो तेव्हा त्या धैर्याची किंमत कोणी मोजली हेही पाहावे. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण घ्या. पुरातत्त्व खात्यातील नोकरी त्यांनी स्वदेशीच्या दिवसांत सोडली, मुद्रणाचा धंदा भरभराटीला आणून भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडला, आणि चाळिशी ओलांडल्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहून त्यांनी सर्वस्व पणाला लावले. विम्याची पॉलिसी तारण पडली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हे सर्वांना ठाऊक आहे. त्या काळात घर चालविणाऱ्या, साऱ्या मंडळीचा स्वयंपाक करणाऱ्या, आणि रात्री बसून फिल्मला कडेची भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची आठवण मात्र अलीकडच्या काळात होऊ लागली आहे. हरिश्चंद्राची कथा त्या घराला अगदीच परकी नव्हती.

दुसरीकडे रियासतकार सरदेसायांसारखी माणसे असतात. १८८९ पासून १९२५ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत राहून, मधल्या फटींतून इतिहास लिहीत, साठाव्या वर्षी निवृत्त होऊन ते कामशेतला जाऊन राहिले. आणि पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादकत्वाखाली निघाले ते त्यानंतर, १९३० ते १९३४ या काळात. आमच्या चहाच्या मंडळातील सभासदांना हे उदाहरण फार आवडते. त्यात काही सोडावे लागत नाही. पण वयाच्या साठीनंतर पंचेचाळीस खंड हाती घेण्याची ताकद उरावी लागते, हे कोणी बोलत नाही.

भातखंड्यांकडे परत येऊ. वकिली सुटली, पण वकील सुटला का? त्यांच्या कामाची पद्धत पाहिली म्हणजे मला तर पानोपानी वकीलच दिसतो.

दक्षिणेत ते मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयापुरम असे फिरले. १९०७ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता या बाजूला गेले. त्यानंतर उत्तरेत अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा दौरा झाला. जेथे जातील तेथील ग्रंथसंग्रह पाहावयाचा, विद्वानांना आणि गवयांना भेटावयाचे, आणि बरोबर नेलेले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावयाचे. हा राग तुम्ही कोणत्या स्वरांत गाता? त्याला ग्रंथाचा आधार कोणता? ग्रंथ तुम्ही स्वतः वाचला आहे काय? ग्रंथात असे आणि तुमच्या गळ्यात तसे, ते का? रात्री मुक्कामी परतल्यावर दैनंदिनी लिहावयाची. दक्षिणेतील प्रवासाची त्यांची दैनंदिनी वाचावयास मिळते. तिच्यात तीर्थयात्रेकरूचा भाविकपणा जवळजवळ नाही. साक्षीदार तपासून, त्यातला भरवशाचा कोण आणि ऐकीव बोलणारा कोण याची नोंद करून घरी परतलेल्या माणसाचे ते टिपण आहे. चांगले साक्षीदार त्यात थोडे आहेत. एट्टयापुरमचे सुब्बराम दीक्षित त्यांतले एक. त्यांच्यामुळे व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची पोथी भातखंड्यांच्या हाती आली, आणि मेळकर्त्यांच्या त्या मांडणीवरूनच उत्तरेच्या रागांना थोड्या थाटांत बसविण्याची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली.

आता येथे एक तर्क करतो. तो माझा आहे. संगीतज्ञांनी तो मान्य करावा असा आग्रह नाही. भातखंड्यांच्या काळी जुन्या परंपरेचे पंडित म्हणत की भरताने आणि शार्ङ्गदेवाने जे लिहिले ते शास्त्र, आणि आज गवई गातात तो भ्रष्टाचार. भातखंड्यांनी ही भूमिका उलटी केली. आज जे गायिले जाते ते लक्ष्य. शास्त्राने लक्षण सांगावयाचे ते या लक्ष्याचे. आणि ग्रंथ चालू व्यवहाराशी जुळत नसेल तर ग्रंथ जुना झाला असे समजावे. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे आहे. ही धिटाई त्यांना कोठून आली? १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला होता की हिंदू कायद्यात रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती ग्रंथातील लिखित वचनाहून प्रबळ ठरते. १८८७ साली एल्‌एल. बी. झालेल्या कोणत्याही विद्यार्थ्याने हा निर्णय वाचल्यावाचून हिंदू कायद्याचा पेपर दिला नसेल. मनु आणि याज्ञवल्क्य यांच्यापुढे रूढीची बाजू मांडावयास शिकलेल्या माणसाला शार्ङ्गदेवापुढे मैफलीची बाजू मांडणे जड गेले नसावे.

वकिलीचे गुण आले तशा तिच्या खोडीही आल्या. संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. मग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या नावाचा मोठा मराठी ग्रंथ निराळे नाव धारण करून लिहावयास घेतला. त्याचा पहिला भाग १९१० साली आणि चौथा १९३२ साली आला. या मराठी ग्रंथात गुरुशिष्यांचा संवाद आहे, आणि गुरुजी मोठ्या आदराने चतुर पंडितांची मते आधार म्हणून सांगतात! आपणच साक्षीदार उभा करावयाचा, आपणच त्याची साक्ष घ्यावयाची आणि ती विश्वसनीय आहे असे आपणच न्यायाधीशाला सांगावयाचे, हा प्रकार कोर्टात चालला नसता. तरीही तो संवाद वाचनीय आहे. शिष्य बरेच चौकस आहेत. त्यांची उलटतपासणी पुष्कळदा गुरुजींना अडचणीत आणते, आणि गुरुजी ‘येथे मतभेद आहे’ असे मोकळेपणाने कबूल करून पुढे जातात. मराठी गद्यात शास्त्रीय विषयावरची इतकी जिवंत चर्चा फार थोड्या ठिकाणी आढळेल, आणि मराठी गद्याचे इतिहासकार तिची दखल घेत नाहीत याचे मला वैषम्य वाटते.

परंतु साक्षीदारांची बाजूही ऐकली पाहिजे. भातखंड्यांनी व्यवसाय बदलून ज्या क्षेत्रात पाऊल टाकले तेथे माणसे अगोदरच राहत होती. उस्ताद घराण्यांच्या दृष्टीने गाणे ही आरंभी सांगितलेल्या जुन्या अर्थाने वृत्ती होती. पोट आणि मन दोन्ही तिच्यात होते. चीज म्हणजे त्यांची मिरास. ती मुलाला द्यावयाची, फार तर जावयाला हुंड्यात द्यावयाची, आणि शिष्याला द्यावयाची ती वर्षानुवर्षे सेवा घेऊन. अशा घरी एक पदवीधर गृहस्थ वही घेऊन येतात, रागाचे स्वर विचारतात, आणि चीज स्वरलिपीत उतरवून घेतात. उस्तादांनी हात आखडता घेतला यात नवल काय? आपल्याकडील सुशिक्षित वर्गाने त्याला अडाणीपणा म्हटले, कोणी कृपणपणा म्हटले. आमच्या महसूल खात्याच्या भाषेत त्याला मालकी हक्काचे रक्षण म्हणतात, आणि ते करणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

भातखंड्यांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणून तर रामपूरच्या दरबारी त्यांनी वयाच्या उत्तरार्धात नबाब हमीद अली खाँ यांचे रीतसर शिष्यत्व पत्करले. तानसेनाच्या वंशातील वजीर खाँ बीनकार या दरबारचे. त्या घराण्याची ध्रुपदे मिळविण्याला दुसरा मार्ग नव्हता. जयपूरकडील मनरंग परंपरेचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांच्याकडून मिळालेल्या चिजा त्यांनी फोनोग्राफवर घेतल्या. या सर्वांतून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ उभी राहिली. सहा भाग, सुमारे अठराशे बंदिशी. मालिका पुरी झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या मुलाच्या सात पिढ्यांत कोणी गवई झाला नाही तो आज चार पैशांचे पुस्तक घेऊन भूपाची बंदिश शिकतो, आणि पुष्कळशा चांगल्या घरांतील मुलींना गाणे शिकता आले ते या पुस्तकांमुळे. हे उपकार थोडे नव्हेत. मात्र उस्तादांच्या मिरासीचा हा एक प्रकारचा कूळकायदा होता, आणि त्यात मोबदल्याचे कलम नव्हते.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. सरकारी नोकर त्या काळी ज्या वयाला निवृत्त होई त्या वयाला त्यांच्या सार्वजनिक कार्याची खरी सुरुवात झाली असे म्हटले तरी चालेल. या परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर मोठा वाद झाला. बावीस श्रुतींची गणिती मांडणी करणारा जो पक्ष होता त्यात दोन प्रमुख गृहस्थ होते. एक ‘शारदा’कार देवलांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल, आणि दुसरे क्लेमंट्स. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर, क्लेमंट्स सिव्हिल सर्व्हिसमधले न्यायाधीश! म्हणजे हिंदुस्थानी संगीतात स्वरांची जागा नेमकी कोठे याचा निवाडा त्या दिवसांत एक वकील, एक डेप्युटी कलेक्टर आणि एक जज्ज मिळून करीत होते, आणि ज्यांच्या गळ्यात ते स्वर होते ते बहुधा ऐकत बसले होते. आमच्या वर्गाला दुसऱ्याच्या कामाची व्यवस्था लावण्यात जे समाधान मिळते ते स्वतःच्या कामात कितीसे मिळते, देव जाणे.

त्यानंतर दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. १९२६ साली लखनौला संगीताचे महाविद्यालय निघाले आणि संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणू लागले. पुढे त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि आज ते विश्वविद्यालय आहे. तेथील प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्यांचे पट्टशिष्य. स्वतः भातखंडे १९३३ मध्ये अर्धांगाने अंथरुणास खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी वारले. त्यांच्या लिखाणात आणि दैनंदिनीत कामातल्या समाधानाचे उद्गार मी शोधून पाहिले. चिडचीड, उपरोध, घाई आणि क्वचित एखादी दुर्मिळ चीज हाती लागल्याचा आनंद, एवढेच तेथे आढळते. वकिलीत समाधान नव्हते म्हणून ती सोडली आणि संगीतात ते मिळाले, असा सरळ जमाखर्च त्यांच्या आयुष्याचा मांडता येत नाही. काम मिळाले, आणि ते पुरे होईना म्हणून दुसऱ्या कशाचा विचार करावयास सवड उरली नाही, इतके मात्र खरे.

त्यांची उलटतपासणी त्यांच्यामागेही चालू राहिली, आणि तिचा एक अध्याय आकाशवाणीवरच घडला. १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीत गायक-वादकांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली, आणि रातंजनकरांचा त्या परीक्षणाशी निकटचा संबंध होता. बापजाद्यांपासून गाणारी माणसे कार्यक्रम मिळविण्यासाठी समितीपुढे बसू लागली. रागाचे वादी-संवादी कोणते, थाट कोणता, असे प्रश्न त्यांना येऊ लागले, आणि पुष्कळांनी याविरुद्ध तक्रार केली. ज्याला राग येतो त्याला रागाविषयी बोलता आलेच पाहिजे काय? परीक्षा ठेवू नये तर सरकारी पैशाने कोणाला गावयास बोलवावे हे ठरवावयाचे कसे? दोन्ही प्रश्न मला खरे वाटतात. कचेरीत बसणारा मनुष्य असल्यामुळे दुसऱ्याचे वजन मला अंमळ अधिक वाटते, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

मध्यम वयात व्यवसाय बदलण्याचा हक्क कोणाला असतो, हा या साऱ्या हकीकतीच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. पदवी असलेल्या वकिलाला संगीताकडे वळता आले. त्याच वेळी दरबारे मोडत असताना, आश्रय तुटत असताना, पन्नाशीच्या सारंगियाला वकिलीकडे वळण्याची सोय कोणती होती? त्याला एकच बदल शक्य होता. उस्तादाचा मास्तर व्हावयाचे.

ग्वाल्हेरला तेच झाले. माधवराव शिंदे महाराजांना आपल्या राजधानीत संगीत विद्यालय काढावयाचे होते आणि ते भातखंड्यांच्या पद्धतीने चालावे अशी त्यांची इच्छा होती. पण शिकविणार कोण? तेव्हा ग्वाल्हेरचे सात गवई निवडून स्वरलिपी आणि शास्त्र शिकण्यासाठी मुंबईला भातखंड्यांकडे पाठविण्यात आले. ही कोवळी मुले नव्हती. घडलेल्या गळ्याची, ग्वाल्हेरच्या ख्यालात मुरलेली माणसे होती. त्यांनी मुंबईत एका माजी वकिलासमोर बसून खडूपाटीवर कोमल-तीव्रांची चिन्हे गिरविली, आणि जी चीज डोळे मिटून गात आले ती ओळी आणि मात्रा पाडून कागदावर उतरविण्यास शिकली. त्यांच्या मनात काय आले असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परत आल्यावर जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. वर्ग, हजेरीपट, परीक्षा, सुट्ट्या आणि पगार, असे सारे शाळेसारखे. त्या सातांपैकी राजाभैया पूछवाले तेव्हा पस्तिशीत होते. पुढे ते त्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. शिष्य तयार केले, चिजांची पुस्तकेही लिहिली. आणि शाळेची घंटा झाल्यावर मैफलीत बसले म्हणजे, ज्यांनी त्यांना ऐकले ते सांगत, पूर्वीसारखेच गात.